ओटीचा अध्याय

आंबेकोंड, देवरूख
२ जून

सौ. मनस्वी हिस,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. मनात आहे की नाही ते मागाहून बघू.

माझा फोन उचलत नाहीस. आधी वाटलं भाट्याला रेंज नसेल, पण तुझ्या माहेरी भर किनाऱ्यावर रेंज नाही हे कोणाला सांगतेस? मग केरू गुरवाच्या फोनवरून लावला तर पहिल्याच रिंगला उचललास, आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. सातवी पास आहे मी, दोन ओळी मलाही लिहिता येतात.

एकच विचारते, खरं उत्तर दे. त्या दिवशी देवळात आलीस तेव्हा तू बाजूला होतीस की नव्हतीस?

सगळं क्रमाने मांडते, म्हणजे नंतर "आई, मला तसं म्हणायचं नव्हतं" नको. वैशाखात दरवर्षी रणजाईची पोथी वाचतात. यंदा त्याच सुमाराला तिकडे सरहद्दीवर तोफा सुरू झाल्या आणि आपल्या संदेशचा फोन बंद झाला. माझे दीर महिपत भाऊजी, देवळाचे मानकरी, पोथीचा मान त्यांचाच, म्हणाले, यंदा रोज रणाचाच अध्याय वाचायचा, शत्रूचा नायनाट होईपर्यंत. तुला, शिपायाच्या बायकोला, मान देऊन पुढे बसवली. आणि तू भर वाचनात उठलीस, राहीला काखेत मारलीस आणि चालू पडलीस. सगळं गाव बघत राहिलं. मग दोन दिवसांनी बातमी आली, संदेशच्या पायात गोळ्याचे तुकडे घुसले.

कौल लावला तेव्हा तू दाराआड उभी होतीस, मला दिसलं होतं. केरूने देवीच्या पाषाणाला डावीउजवी ओल्या कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "विटाळ झाला असंल तर उजवी दे गो आये." सगळ्यांच्या देखत उजवी कळी खाली आली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीने तू माहेरी. कर नाही त्याला डर कशाला, असं लोक म्हणतात. मी नाही म्हणत, लोक म्हणतात.

भाऊजींचं म्हणणं फार नाही. ये, देवीपुढे नारळ ठेव, गावासमोर चूक कबूल कर. नाही केलीस तर आपल्या घरचा नारळ देवळात घेणार नाहीत आणि राहीला पायरीला लागू देणार नाहीत. मला या गावात मरायचं आहे, बाये. चार खांदेकरी लागतात.

आणि एक. संदेशला पुण्याच्या इस्पितळात काही कळू दिलेलं नाही. तुझ्या आईचं बीपी वाढलं म्हणून तू गेलीस असं मी ठोकून दिलं. काल तो म्हणतो, "आये, मनस्वी म्हनत होती, आता बीपी उतरलाय." म्हणजे माझं खोटं तू सांभाळतेस! का सांभाळतेस? तुझ्या पोटात काय शिजतंय ते मला कळत नाही, आणि न कळलेलं मला आवडत नाही.

राहीला पापा.

चिमा महादेव घाग

---

१८ जून

मनस्वी,

तुझी चिठ्ठी मिळाली. "मी बाजूला नव्हते. मला दिवस गेलेत. राही बरी आहे." संपलं! पोस्टाचे पैसे तरी वसूल करायचेस.

वाचून आधी मी बोटांवर महिने धरले. लपवत नाही. शिमग्याला संदेश पालखी नाचवायला आला होता, त्याला धरून बरोबर बसतंय. चिडलीस तर चीड. माझ्या सासूने माझ्या वेळी हेच केलं होतं, आणि मी तर कधी वाडीबाहेर गेले नव्हते.

पण मला का सांगितलं नाहीस? कैऱ्या खात होतीस, मला वाटलं आंब्याचे दिवस आहेत, पोरगी खाते. सकाळी न्हाणीघरात ओकत होतीस तेव्हा म्हणालीस तिखट बाधलं. तुम्हा किनाऱ्याच्या लोकांना तिखट बाधतं होय? माझ्या तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं. तू सांगितलं नाहीस कारण तुझा माझ्यावर विश्वास नाही. बरं, नसू दे.

आता माझ्या डोक्याला दुसराच भुंगा लागला. पोटुशी बाई बाजूला बसत नाही, एवढं पुरुषांनाही कळतं. मग एक तर तू खोटी नाहीतर देवी खोटी. डॉक्टरचा कागद मागवणार होते तुझ्याकडे. मग म्हटलं, आधी घरचं पाणी तपासू. गेले केरूकडे. तो देवळामागे पाला-पातेरा लोटत होता.

"केरू," म्हटलं, "कळी आपसूक पडली की तू पाडलीस?"

तो कानाला हात लावून म्हणाला, "वैनी, माज्या बापाची आन. कौल खरा हाय."

"मग माझी सून गर्भार असून तिला विटाळ कसा?"

तो झाडू टाकून माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "महिपतरावांनी इचारलानी, विटाळ झाला काय. म्या तेवढंच गाऱ्हानं घातलं. कोनाचा, ते कोनी इचारलंच नाय."

"मग हिचं नाव कुठून आलं?"

"ते मानसांनी घातलानी. देवीनं नाय."

मनस्वी, मी तिथेच पायरीवर बसले. सगळं गाव होतं गं तिथे. एकालाही सुचू नये, की बाबा, दुसरा प्रश्न विचारायचा राहिला? उजवी कळी पडली आणि सगळ्यांच्या माना तुझ्याकडे वळल्या. माझी पण.

मग विटाळ कोणाचा? मी घरी येऊन एकेक बाई डोळ्यांपुढे आणली. शेजारची आवडाबाई तर माझ्या वयाची. तिची सून ऋतिका त्या आठवड्यात मुंबईला. कोणी जुळत नाही. आणि विटाळ काय फक्त बाईचाच असतो? एक शंका येते आहे. ती लिहायची की नाही हे ठरत नाही. माझी पत्रं तिकडे कोण कोण वाचतं ते आधी कळव.

अंडी खा. बांगडा सध्या नको, उष्ण पडतो.

चिमा

---

९ जुलै

मनस्वी,

उत्तर नाही तुझं. नसो. मी लिहितेच.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की तू भर वाचनात उठलीस. उठण्याआधी काय बोललीस ते लिहिलं नव्हतं. ते तुझ्या लगेच ध्यानात आलं असणार, म्हणूनच दोन ओळींची चिठ्ठी.

तू राहीला समजावतेस तसं शांतपणे म्हणालीस, "काका, पुढचा अध्याय राहिला. आईंची ओटी भरायची आहे."

रणाच्या अध्यायात रणजाई दैत्यांना मारते. रक्त, मुंडकी, घोडे, सगळं. त्याच्या पुढचा तो ओटीचा अध्याय. मेलेल्या दैत्यांच्या बायका रडत देवीकडे येतात, आणि देवी त्यांना पुसत नाही तुम्ही कुठल्या, कोणाच्या. त्यांची ओटी भरते. म्हणून आंबेकोंडात त्या एका अध्यायाला गावातल्या विधवांची ओटी भरतात. बाकी वर्षभर आम्ही हळदीकुंकवाला मागच्या दारी. हे गेले तेव्हापासून माझ्या पदरात नारळ पडतो तो फक्त त्या दिवशी. आवडाबाई घालते. तू लग्न होऊन आलीस त्या वर्षापासून तूही घालायला लागलीस, तेव्हा मला वाटलं होतं ही फार पुढे पुढे करते.

जुनी माणसं सांगत, रणाचा अध्याय वाचून पोथी बांधायची नाही. पुढचा वाचायचा आणि मगच फडकं गुंडाळायचं. नाहीतर रण उघडं राहतं. भाऊजींना हे माहीत नाही? त्यांच्या बापाने त्यांना शिकवलं तेव्हा मी जात्यावर होते, ऐकत होते. पण ते म्हणाले, "तिकडे आपली पोरं मरतायत आनि हितं मी शत्रूच्या बायकांच्या ओट्या भरू? यंदा नाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही मान डोलावली, मनस्वी. माझं पोर तिकडे होतं. मला वाटलं, खरंच, त्यांच्या बायका रडू देत.

तू उठलीस, मग मी तुला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

काल संदेशचा फोन होता. दुसरं ऑपरेशन नीट झालं, पाय वाचला. इकडचं तिकडचं बोलला आणि एकदम म्हणाला, "आये, यंदा तुजी ओटी भरली ना?"

मी म्हटलं, "हो तर."

तो म्हणाला, "बरं झालं. तिकडं सरहद्दीच्या पड्याल पन गाव होता आये. चुली पेटलेल्या दिसायच्या. आमी गोळे टाकले त्याच्या दुसऱ्या दिवशी एक पन पेटली नाय. मला सारखा तो अध्याय आठवत होता. म्हटलं, हितं वाचला असंल."

मी म्हटलं दूध उतू जातंय आणि फोन ठेवला. आता तोही माझ्यावर संशय घेईल, कारण त्याला माहीत आहे मी दूध सकाळीच तापवते.

तर माझी शंका ही. देवीने उजवा कौल दिला तो खराच दिला. विटाळ झाला. पण तो बाईचा नव्हता, पोथी अर्धी बांधली त्याचा होता. हे मी अजून कोणाला बोललेले नाही. भिंतीलाही नाही.

चिमा

---

४ ऑगस्ट

मनस्वी,

घाईत लिहिते. तुला महिपत भाऊजींचा फोन येईल. गोड बोलतील. येऊ नकोस.

दचकलीस ना? मीच ती, ये ये म्हणणारी. कारण ऐक.

संदेशला सोडतायत, दहा तारखेच्या आसपास कुबड्या घेऊन येईल. भाऊजींनी पंधरा ऑगस्टचा घाट घातला आहे. शाळेत झेंडा झाला की देवळात सत्कार, ढोलताशे, आणि तिठ्यावर मोठा बॅनर. बॅनरवर संदेश वीतभर आणि भाऊजी हातभर. पंचायतीची निवडणूक लागायची आहे, मी काय बोळ्याने दूध पिते? सत्काराला ओवाळायला बायको हवी. ती माहेरी रुसून बसली असं चालत नाही. म्हणून तुला आणायची, आधी गाभाऱ्यासमोर नारळ ठेवून नाक घासायला लावायचं, आणि मग ताट हातात देऊन फोटो काढायचा. दोन्ही कामं एका दिवसात.

मी गेले होते त्यांच्याकडे. ओटीवर सुपारी कातरत बसले होते. म्हटलं, "भाऊजी, कौल पुन्हा लावूया. देवीला विचारू, चूक ऐकणारीची की वाचणाऱ्याची."

अडकित्ता थांबला. "वैनी, बाईनं कौल मागायचा नसतो."

"मग केरूला मागू दे."

"केरू मी सांगीन तेच मागंल," म्हणाले. हे त्यांच्या तोंडून निसटलं आणि त्यांचं त्यांनाच कळलं. मग आवाज चढवला. "सुनेच्या पोटात आपल्या घरान्याचा वंश हाय म्हनून गप हाय. नायतर दुसरी कोन असती तर आतापर्यंत वाळीत टाकली असती."

तुला दिवस आहेत हे त्यांना मी सांगितलं नव्हतं. केरूने सांगितलं असेल किंवा आवडाबाईने, मी तिच्यापाशी बोलले होते. आता मला कोणावरच भरवसा वाटत नाही. तर मुद्दा हा, की तू बाजूला नव्हतीस हे माहीत असून ते तुझ्याकडून कबुली मागतायत. त्यांना ठाऊक आहे! मला एवढंच बघायचं होतं.

तुझ्या बापाला सांग, गाडी पाठवली तरी बसवू नका.

चिमा

---

१७ ऑगस्ट

मनस्वी,

हे पत्र पोचेल तेव्हा संदेश तुझ्याकडे असेल. त्याच्या हातात द्यावं असं मनात होतं, पण तो माझ्या हातून काही घेत नाही.

तुला त्याने काय सांगितलं आणि काय नाही, देव जाणे. माझ्याकडून ऐक.

परवा देऊळ भरलं होतं. संदेशला खुर्ची दिली, शाल दिली. तू आली नाहीस म्हणून ओवाळायला विमलाला, भाऊजींच्या सुनेला, उभी केली. मग भाऊजींनी पोथी सोडली आणि रणाचा अध्याय वाचला. वाचतात छान, नाव ठेवायला जागा नाही. देवीने शेवटचं मुंडकं उडवलं, लोकांनी जयजयकार केला, आणि भाऊजींनी फडकं गुंडाळायला घेतलं. मी संदेशकडे बघत होते. त्याने मान वर केली. वाट बघत होता गं तो, पुढच्या अध्यायाची.

मी उभी राहिले. म्हटलं, "भाऊजी, पुढचा वाचा."

"वैनी, खाली बसा."

"वाचा म्हणते ना."

त्यांनी पोथी छातीशी धरली, जशी मी हिसकावून घेणार आहे. "विधवेनं हात लावायचा नाय हिला!"

"नाही लावत," म्हटलं. "ठेवा तुमच्यापाशी." आणि मी म्हणायला लागले.

लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे, पाठ कशी होणार नाही? ओव्या येत गेल्या. बायका रडत येतात तिथपर्यंत आले आणि अडले. पुढचं आठवेना. भाऊजी हसले. तेवढ्यात मागून आवडाबाईचा आवाज आला, तो तिचा चिरका:

पुरुष पडिले रणांगणीं ।
कांता ठाकल्या दीनवाणी ।
ओटी भरूनि म्हणे जननी ।
लेकी माझ्या ॥

मग विमला म्हणायला लागली, हातात ओवाळणीचं ताट तसंच. मग सगळ्या. एका बाईला येत नाही असं नव्हतं. अध्याय संपला तेव्हा केरूने न सांगता घंटा वाजवली. भाऊजी म्हणाले, "देवी बघून घेईल." मी म्हटलं, "बघू दे." दुसरं काही सुचलं नाही.

मला वाटलं होतं संदेशला बरं वाटेल. घरी आल्यावर त्याने विचारलं, "म्हंजे मे महिन्यात वाचलाच नव्हता? तू मला हो म्हनालीस." मग मी सगळं सांगितलं. कौल, एस्टी, तुझ्या आईचं बीपी, सगळं. तो ऐकत होता. म्हणाला, "आनि ती उठली तवा तू काय बोललीस?"

तुला आठवतंय मी काय बोलले. भर देवळात म्हटलं, "तुला त्या ओटीची एवढी घाई झाली? तुझ्या पदरात कधी पडते म्हणून वाट बघतेस काय?" नवरा सरहद्दीवर असलेल्या बाईला मी हे बोलले. तू माझ्यासाठी उठली होतीस. लोकांनी तुझ्यावर बोट ठेवलं ते कौल लागल्यावर, मनस्वी. मी आधीच ठेवलं होतं.

हे शब्द मी जसेच्या तसे त्याला सांगितले. दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळण्यापेक्षा बरं. त्याचा चहा तसाच राहिला. सकाळी रिक्षा बोलावली, कुबड्या आधी आत टाकल्या, मग स्वतः बसला. मी म्हटलं, "भाट्याला ना?" त्याने मान हलवली. तेवढंच.

आता घरात मी एकटी. आवडाबाई येऊन जाते. भाऊजींकडचं येणंजाणं बंद आहे. देवळात आपला नारळ घेतील की नाही, ते मी अजून नेऊन बघितलेला नाही. घाई नाही मला.

परत ये असं लिहिणार नाही. संदेशलाही सांगणार नाही. तू कुठे राहायचं ते तू ठरव, आणि राहीने कोणत्या देवळाची पायरी चढायची तेही.

पण पुढच्या महिन्यात तुला सातवा लागेल. माझ्या घरात उखळात कांडलेले तांदूळ आहेत, खण आणला आहे, हिरवा. विधवेने गर्भारशीची ओटी भरू नये म्हणतात. हे गेल्यापासून मी कोणाची भरलेली नाही, भरायला कोणी बोलावलंही नाही. तुझी भरावी असं मला फार वाटतं. तुझ्या आईला अपशकुन वाटत असेल, तुला स्वतःला वाटत असेल, तर वाटू दे, त्यात राग कसला. तुला चालत असेल तर मी येते, ओटी भरते आणि त्याच दिवशी परत फिरते. पाणीसुद्धा पिणार नाही तुझ्याकडे.

चालेल की नाही, तेवढं कळव. दोन ओळी पुरेत. नको म्हणालीस तरी तांदूळ काही वाया जायचे नाहीत. दळून भाकऱ्या करीन.

चिमा